ओल्या लाकडाचं उलथणं आणि दोन चमचे: चाकूकामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर. लाकूड आणि हत्यारं

करायचंय ते एवढंच: एक सपाट उलथणं आणि ढवळायचे दोन मोठे चमचे. सगळं हाताने, यंत्र अजिबात नाही.

लाकूड दोन प्रकारचं मिळालं. आंब्याची एक फांदी, ११ सेंमी जाड, आणि पेरूची एक, ९ सेंमी जाड. दोन्ही चार दिवसांपूर्वी तोडलेल्या, म्हणजे ओल्या. चाकूने कोरायचं तर ओलंच लाकूड घ्यावं. तेच लाकूड वाळलं की एकेका ढलपीसाठी मनगट दुखतं. आंबा कापताना हातमोजे घातले, कारण त्याच्या चिकाने कातडी चुरचुरते आणि पुरळ येतं. कण्हेरीसारख्या विषारी झाडाचं लाकूड भांड्यात जाणाऱ्या वस्तूला चालत नाही. कडुलिंबाचं लाकूड चांगलं असतं, पण नव्या चमच्याची चव कडवट लागते म्हणून या वेळी बाजूला ठेवलं. प्लायवूड, रंगवलेली फळी, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड हे फुकट मिळालं तरी घेऊ नये.

हत्यारं: हातकरवत, ७०० ग्रॅमची लहान कुऱ्हाड, ९ सेंमी पात्याचा सरळ चाकू, चमच्याची वाटी खोदायला वाकडा चाकू, १००० आणि ४००० नंबरचे धारेचे दगड, फळीवर चिकटवलेला चामड्याचा पट्टा, पेन्सिल, आणि खाली गुडघ्याएवढ्या उंचीचा ओंडका. वाकडा चाकू नसेल तर गोल पटाशी चालते, मात्र तेव्हा वस्तू शिकंज्यात पक्की बसवायची. हातात धरून पटाशी कधीच मारायची नाही.

फांद्यांच्या टोकांना चार दिवसांतच बारीक तडे गेलेले होते. दोन्ही बाजूंनी आधी ३-३ सेंमी कापून टाकलं. आंब्याला एका टोकाला तरीही तडा दिसत राहिला, तिथे आणखी २ सेंमी गेले. हे लाकूड वाचवण्याचा मोह धरू नये. टोकाला दिसणारा केसाएवढा तडा आत कुठवर गेलाय ते कापल्याशिवाय कळत नाही.

१२ नोव्हेंबर, दुपार. फांदी फोडणे

३० सेंमीचे तुकडे कापून उभे फोडले. कुऱ्हाडीचं पातं बरोबर गाभ्यावर टेकवायचं आणि मागून लाकडी ठोकळ्याने मारायचं. कुऱ्हाड उगारून मारायची गरज नाही, त्यात नेमही चुकतो.

पेरू सरळ फुटला. आंबा फुटता फुटता वळला. वरच्या टोकाला आडवी असलेली फोड खालच्या टोकाला येईपर्यंत २ सेंमीहून जास्त फिरली होती. म्हणजे लाकडाची रेषाच, आतल्या धाग्यांची दिशाच, पिळलेली. असल्या तुकड्यातून सरळ दांडा निघत नाही, आणि काढलाच तर वाळताना तो पुन्हा पिळतो. दोन अर्धुकांपैकी एक बाद. हे आधी कळू शकलं असतं: सालीवरच्या भेगा फांदीभोवती तिरक्या चढत गेल्या होत्या. फांदी निवडताना सालीकडे पाहायचं ते याचसाठी.

अर्धुकातून गाभा काढणं सक्तीचं. मधला गाभा आणि त्याच्याभोवतीचं निदान १ सेंमी लाकूड तासून टाकलं. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या कडेकडेने जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. गाभा मध्ये राहिला तर हा फरक जिरायला जागाच उरत नाही आणि तुकडा गाभ्यापर्यंत चिरतो. नशिबाने एखादा वाचेलही, पण त्यावर तीन तासांचं काम लावू नये.

दोन्ही फांद्यांतून मिळून पाच तुकडे हाती आले, तीन पेरूचे, दोन आंब्याचे. वेळ दीड तास.

१३ नोव्हेंबर. पहिलं उलथणं, कापलेल्या फळीतून

सोपं वाटलं म्हणून सुरुवात फोडलेल्या तुकड्यापासून न करता करवतीने कापलेल्या एका वाळक्या फळीपासून केली. फळी आधीच ९ मिमी जाडीची, सपाट, मापात. लांबी २८ सेंमी, पातं ६ सेंमी रुंद, दांडा सव्वादोन सेंमी. आकार जाड पुठ्ठ्यावर अर्धाच काढून, कापून, मधल्या रेघेवर उलटा ठेवून दुसरी बाजू काढली. दोन्ही बाजू सारख्या येण्याचा हा खात्रीचा मार्ग.

फळी वाळलेली, त्यामुळे चाकू दर वीस मिनिटांनी बोथट. पात्याच्या पुढच्या कडेला उतार द्यायलाच पाऊण तास गेला. एकूण तीन तास दहा मिनिटं. दिसायला नीट झालं. मानेपाशी मात्र एका बाजूच्या रेषा तिरक्या बाहेर पडताना दिसत होत्या. २६ तारखेची नोंद पाहावी.

१४ नोव्हेंबर. फोडलेल्या पेरूतून दुसरं उलथणं

आज मोठा वेळ मानेवर गेला, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

आकार पेन्सिलने काढला. रुंद पात्यावरून अरुंद दांड्याकडे येताना जिथे खांदा पडतो तिथे दोन्ही बाजूंनी करवतीने आडवे काप दिले, रेघेच्या २ मिमी आधी थांबून. मग दांड्याच्या टोकाकडून कुऱ्हाडीने ढलप्या काढल्या. त्या कापापाशी येऊन थांबतात. हे काप न देता कुऱ्हाड चालवली तर फूट थेट पात्यात शिरते. कुऱ्हाड चालवताना तुकडा ओंडक्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर टेकवायचा, म्हणजे पातं घसरलं तर ते ओंडक्यात रुततं. धरणारा हात नेहमी कुऱ्हाड पडते त्या जागेच्या वर.

आता चाकू. रेषेच्या कलाने कापायचं, म्हणजे उंच भागाकडून सखल भागाकडे उतरायचं. मानेला दोन्हीकडून उतार आहे, पात्याकडून एक आणि दांड्याकडून एक, आणि दोन्ही सर्वांत अरुंद जागी भेटतात. पात्याकडून आलेला काप तिथे थांबलाच पाहिजे. दांड्याकडून आलेलाही तिथेच. सर्वांत अरुंद जागा ओलांडून चाकू ३-४ मिमी जरी पुढे गेला तरी तो चढाला लागतो, धार रेषेच्या खाली घुसते आणि लाकूड कापायच्या ऐवजी फुटायला लागतं.

हे आज एकदा झालं. डाव्या बाजूला चाकू पुढे गेला आणि पात्याखालची एक पट्टी ४ सेंमी लांब उचलली गेली. ती तशीच ओढली असती तर पात्याचा कोपरा गेला असता. चाकू तिथेच थांबवून, मागे घेऊन, उलट्या दिशेने येऊन पट्टी तिच्या मुळाशी कापली. खळगा उरला २ मिमीचा. तो जाण्यासाठी दोन्ही बाजूंनी पातं ४ मिमीने अरुंद करावं लागलं.

कानांनी फरक लवकर कळतो. बरोबर दिशेने चाकू चालतो तेव्हा सलग सर्र आवाज येतो आणि ढलपी न तुटता गुंडाळत जाते, कापलेली जागा चकाकते. उलट्या दिशेला आवाज तुटक येतो, ढलपी तुकड्यातुकड्यांनी निघते आणि मागे राहिलेली जागा केसाळ दिसते. केसाळ दिसली की पुढचा घाव नको, तुकडा फिरवून घ्यावा.

पकडी तीनच पुरल्या. जास्त लाकूड काढायचं असेल तर हात सरळ ठेवून, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, शरीरापासून लांब. मांड्यांच्या मध्ये कधीच नाही, तिथली रक्तवाहिनी कापली तर निभाव लागत नाही. बारीक कामाला चाकूच्या पाठीवर डाव्या हाताचा अंगठा ठेवून तो अंगठा ढकलतो, उजवा हात फक्त वळण देतो. ही पकड सर्वांत ताब्यात राहते. तिसरी पकड दांड्याच्या टोकासाठी: चाकू अंगठ्याकडे ओढायचा, पण अंगठा काप संपतो त्या रेषेच्या खाली दाबून ठेवायचा, समोर नाही.

वेळ दोन तास वीस मिनिटं, त्यातली चाळीस मिनिटं फुटीच्या दुरुस्तीची. जाडी सध्या १० मिमी ठेवली आहे, वाळल्यावर ७ वर आणायची.

१५ नोव्हेंबर. रात्रीत गेलेला तुकडा

आंब्याचा एक तुकडा, कुऱ्हाडीने चमच्याच्या आकाराला आणलेला, रात्री टेबलावर उघडा राहिला. सकाळी दांड्याच्या टोकाकडून ५ सेंमीचा तडा. लाकडातलं पाणी आडव्या कापलेल्या टोकांतून बाजूंपेक्षा अनेक पटींनी लवकर निघतं, टोक आक्रसतं, आतला भाग अजून फुगलेला असतो, आणि टोक चिरतं.

आता नियम ठरवला: काम थांबलं, मग ते दहा मिनिटांसाठी का असेना, तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच्याच ओल्या ढलप्यांसकट जातो. दोन-तीन दिवसांहून जास्त ठेवायचा असेल तर पिशवी फ्रिजमध्ये. अजून हातही न लावलेल्या तुकड्यांच्या टोकांना मेण वितळवून लावलं.

तडा गेलेल्या तुकड्याचा दांडा ६ सेंमीने आखूड केला. लहान चमचा होईल.

१७ नोव्हेंबर. धार

दोन दिवस जोर वाढत चालला होता आणि काम कमी होत होतं. कारण धार. पट्ट्यावर चाकू रोज ओढला जात होता, तरी उतरत होती.

चूक दोन ठिकाणी सापडली. पहिली, पट्ट्यावरून चाकू ओढताना शेवटी तो वर उचलला जात होता. दर ओढीला धार चामड्यावर वळते आणि गोल होत जाते. आता ओढ संपली की चाकू जागीच थांबवायचा, मगच सरळ वर घ्यायचा. दुसरी, चामडं जाड आणि मऊ होतं. ते दबतं आणि धारेभोवती वर येतं. मऊ बाजू खाली चिकटवून गुळगुळीत कडक बाजू वर घेतली.

चाकूची धार पुन्हा १००० च्या दगडावर काढली. पात्याच्या उतारावर काळ्या मार्कर पेनने रंग दिला, चार ओढी दिल्या आणि पाहिलं: रंग फक्त मागच्या कडेचा गेला होता, धारेजवळ तसाच. म्हणजे दगड धारेला लागतच नव्हता. उतार दगडावर पूर्ण सपाट टेकवून, धारेकडे बोटाचा दाब देऊन पुन्हा. दुसऱ्या बाजूला नखाला लागेल अशी बारीक खरबरीत कड आली की ती बाजू झाली. पालटून दुसरी. मग ४००० आणि शेवटी पट्टा, प्रत्येक बाजूला २० ओढी.

वाकड्या चाकूवर सपाट दगड चालत नाही. १६ मिमी जाडीच्या गोल काठीला ४००, ८०० आणि १२०० चा पॉलिश पेपर गुंडाळून आतली बाजू, आणि सपाट फळीवर तोच कागद ठेवून बाहेरचा उतार. इथेही मार्कर.

एक तास गेला. पुढच्या तासात काल दोन तासांत निघालं नव्हतं तेवढं लाकूड निघालं. यापुढे दर अर्ध्या तासाला पट्ट्यावर २० ओढी, गरज वाटो न वाटो.

१८ नोव्हेंबर. पहिला चमचा, पेरू

लांबी २७ सेंमी, वाटी ६.५ बाय ५.२ सेंमी. बाजूने पाहिलं तर दांडा आणि वाटी एका सरळ रेषेत नकोत. वाटीपाशी थोडा वाक हवा, नाहीतर चमचा पातेल्यात धरताना कोपर उंच करावं लागतं. म्हणून आधी बाजूचा आकार कुऱ्हाडीने काढला, वाटीच्या सुरुवातीला वाक ठेवून. मग वरून पेन्सिलने रूपरेषा आणि कडा.

त्यानंतर बाहेरची पाठ गोल केली. छान गोल झाली. मग आत खोदायला घेतलं.

हा क्रम चुकीचा होता, पुढच्या नोंदीत कळेल.

खोदण्याबद्दल: वाकडा चाकू रेषेला आडवा चालवायचा, लहान लहान घाव, मनगट वळवून. मधून सुरू करून खळगा हळूहळू कडेपर्यंत वाढवायचा. कडेच्या आत ३ मिमीवर पेन्सिलची रेघ काढून ठेवली, तिच्या बाहेर चाकू जाऊ द्यायचा नाही. वाटीच्या तळाशी मात्र रेषेच्या दिशेने जायचा मोह होतो आणि तिथेच चिरफाळ्या निघतात. टोकाकडून तळाकडे उतरायचं, मग चमचा फिरवून दांड्याकडून तळाकडे. मध्ये जिथे दोन्ही भेटतात तिथे एक बारीक उंचवटा राहतो, तो आडवा तिरका घाव घेऊन काढायचा.

२० नोव्हेंबर. भोक

वाटीच्या तळाला चाकू लागला आणि पलीकडे उजेड दिसला. दीड-दोन मिमीची जागा होती, पुढच्याच घावाला भोक पडलं. साडेतीन तासांचा चमचा बाद.

पाठ आधी गोल केली की आत किती जाडी उरली आहे ते हाताला कळत नाही. डोळ्यांना वाटी वरून उथळ दिसते, म्हणून आणखी खोल जायची ओढ लागते. क्रम असा हवा: आधी आतली वाटी पूर्ण, हवी तेवढी खोल, मग त्या खळग्याला धरून बाहेरची पाठ उतरवायची. पाठ तासताना चाकू लाकडात किती शिरतो ते दिसतं आणि थांबता येतं. जाडी मोजायला अंगठा आत, तर्जनी बाहेर, आणि वाटीभर फिरवायची. ज्याला खात्री हवी त्याने बाहेरून मोजायचं कॅलिपर वापरावं. ओलं असताना वाटी ८ मिमी जाड ठेवायची, वाळल्यावर कडेला ३ आणि तळाला ५ मिमी.

त्यातून काहीच वाया जाऊ नये म्हणून दांडा कापून ठेवला. लोण्यासारखं मऊ काही पसरवायची चपटी पट्टी त्यातून निघेल.

२१ नोव्हेंबर. दुसरा चमचा, तोच पेरू, बरोबर क्रमाने

आत आधी, पाठ नंतर. दोन तास पन्नास मिनिटं, कुठेही चिरफाळी नाही. वाटीच्या तोंडाकडून आत उतरणारी भिंत सुरुवातीला उभी झाली होती. भिंत उभी असली की त्या कोपऱ्यात ढवळलेलं अडकतं आणि धुताना बोट पोचत नाही. तिला उतार द्यायला आणखी वीस मिनिटं.

डाव्या अंगठ्याला वाकड्या चाकूचा उथळ काप लागला. कारण साधं: वाटी धरताना अंगठा कडेवर होता आणि चाकू आतून वर येऊन बरोबर त्याच कडेवर बाहेर पडला. वाकडा चाकू जिथे लाकूड सोडतो तिथून पुढे २ सेंमी रिकामी जागा हवीच. त्या अंगठ्याला आता कापडी चिकटपट्टीचे तीन फेर गुंडाळतो आणि चमचा दांड्याकडून, वाटीखाली बोटं घेऊन धरतो.

आंब्याचा आखूड केलेला तुकडाही आजच संपवला. आंब्याच्या रेषा एकमेकांत गुंतलेल्या, एकाच पट्ट्यात आलटून पालटून उलट जाणाऱ्या. सगळ्या घावांसाठी योग्य अशी एकच दिशा नाही. तिथे उपाय एकच: पातळ ढलपी, आणि चाकू सरळ न ढकलता तिरका सरकवत न्यायचा.

२१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर. वाळवणे

दुसरं उलथणं आणि पेरूचा चमचा प्रत्येकी एका कागदी पिशवीत, थोड्या ढलप्यांसकट, सावलीत, पंख्यापासून दूर. आंब्याचा चमचा घाईने तीन तास उन्हात ठेवून पाहिला. वाटीच्या टोकाला दोन तडे, एक आरपार. आंब्याचं पुढे काहीच झालं नाही.

लाकूड वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, वजनकाट्याला कळतं. पेरूच्या चमच्याचं वजन: पहिल्या दिवशी १४२ ग्रॅम, तिसऱ्या १२१, पाचव्या १०७, सातव्या ९९, दहाव्या ९४, बाराव्या ९३, चौदाव्या पुन्हा ९३. सलग दोनदा तेच आलं म्हणजे हवेएवढं वाळलं. पहिल्या चार दिवसांत पस्तीस ग्रॅम पाणी गेलं, तडा जायचा तो याच दिवसांत जातो, म्हणून पिशवीचं तोंड तेव्हा बंद आणि पाचव्या दिवसापासून उघडं.

चौथ्या दिवशी पिशवीत उलथण्यावर काळे ठिपके आले, बुरशी. ढलप्या जास्त ओल्या होत्या. त्या टाकून कोरड्या घातल्या, ब्रशने ठिपके झाडले. वर-वरचे शेवटच्या कापात निघून गेले.

वाटीची रुंदी ५२ मिमीची ४९ झाली. लांबी मोजण्याइतकी बदलली नाही. रुंदी कमी होणार हे धरून आकार थोडा मोठा ठेवलेला बरा.

२६ नोव्हेंबर. फळीचं उलथणं तुटलं

१३ तारखेचं. टेबलाच्या कडेवर पातं टेकवून दांड्यावर अंगठ्याचा दाब दिला, घट्ट काही ढवळताना पडतो तेवढा. मानेपाशी तिरकं तुटलं, कट्कन आवाज होऊन. तुटलेली बाजू गुळगुळीत, तिरक्या चकतीसारखी, एकाही धाग्याचं टोक उभं नाही. धागे मधून तुटलेच नव्हते, एकमेकांपासून सुटले होते. दांड्याच्या एका बाजूने शिरलेल्या रेषा मानेपाशी दुसऱ्या बाजूने बाहेर पडल्या होत्या, त्यामुळे दांड्याला पात्याशी जोडणारा सलग धागा जवळजवळ नव्हताच.

करवत रेषा पाहत नाही, सरळ जाते. फोडलेला तुकडा मात्र आपल्या रेषेनेच फुटतो. म्हणून दांड्याच्या वस्तूला फोडलेलं लाकूड. फळीच घ्यावी लागली तर तिच्या जाडीच्या बाजूने रेषा पाहाव्यात: त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर जात असतील तरच घ्यावी.

पेरूचं उलथणं वाळल्यावर, ५ डिसेंबरला, याच पद्धतीने दाबून पाहिलं. वाकलं, सुटल्यावर सरळ झालं.

५ डिसेंबर. शेवटचे काप

वाळलेल्या लाकडावरचा शेवटचा हात. धार आधी ४००० वर आणि पट्ट्यावर ताजी केली. ढलपी कागदासारखी पातळ, आरपार दिसेल अशी. चाकूचे चपटे पैलू राहतात ते तसेच ठेवले.

पॉलिश पेपर लावावा की नाही यावर एक चाचणी घेतली. पेरूच्या उरलेल्या तुकड्यावर तीन पट्टे: एक फक्त चाकूचा, एक २४० च्या कागदाने घासलेला, एक घासून, ओला करून, वाळवून, पुन्हा घासून असं दोनदा केलेला. तिन्ही दहा मिनिटं पाण्यात. वाळल्यावर फक्त घासलेला पट्टा मांजराच्या जिभेसारखा खरबरीत झाला. कागद धागे कापण्याऐवजी फाडतो आणि दाबून बसवतो, पाणी लागलं की ते पुन्हा उभे राहतात. दोनदा ओला केलेला बरा राहिला. चाकूचा सर्वांत गुळगुळीत. वाटीच्या आत मात्र वाकड्या चाकूच्या कडा राहतात, तिथे १५०, २४०, ४०० असा कागद, मध्ये दोनदा ओलं करून.

सगळ्या कडांवरून ४५ अंशांत १ मिमीची कड मारली. धारदार कड राहिली तर ती भांड्यावर आपटून झिजते आणि हातालाही टोचते.

उलथण्याच्या पुढच्या कडेला उतार कुठल्या बाजूने द्यायचा ते कागदावर ठरवू नये. रिकाम्या पातेल्यात ते रोजच्या हाताने धरावं, तळाला जो भाग टेकतो तिथे पेन्सिलने खूण करावी आणि तेवढंच तासावं. उजव्या आणि डाव्या हाताची खूण वेगळ्या बाजूला येते. कड २ मिमीपर्यंत, त्याहून पातळ केली की दाते पडतात.

६ डिसेंबर. तेल

कच्चं जवसाचं तेल. हे हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडातच सुकतं. स्वयंपाकाची नेहमीची तेलं सुकत नाहीत, काही आठवड्यांत खवट वास येतो. रंगाच्या कामाचं डबल बॉइल्ड जवस तेल लवकर सुकतं, पण त्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते भांड्याच्या वस्तूला नको.

तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट केली, फडक्याने लावलं, वीस मिनिटं मुरू दिलं, मग उरलेलं पूर्ण पुसून काढलं. असे तीन हात, प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस.

चमच्यावर पहिला हात भरपूर दिला आणि पुसला नाही. चौथ्या दिवशीही बोटाला चिकटत होता, त्यावर धूळ बसली. ताजं तेल लावलेल्या फडक्याने जोर लावून घासलं, तेव्हा चिकटपणा सुटला. वर राहिलेलं तेल आत जात नाही.

तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना उष्णता निघते, बोळ्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी पाण्यात भिजवून, उघड्यावर एकेक पसरून वाळवली आणि मगच टाकली.

२७ डिसेंबर. वापर

तेल लागून तीन आठवडे दोन्ही वस्तू हवेशीर जागी टांगून ठेवल्या, वास गेल्यावर वापरात घेतल्या. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून पाहिल्या: रंग उतरला नाही, तडा नाही, चमच्याच्या वाटीच्या टोकाला नखभर जागा खरबरीत झाली. तिथे आडवे कापलेले धागे थेट पाण्याला लागतात. वाळल्यावर चाकूने पातळ ढलपी काढली, बोटावर तेल घेऊन चोळलं.

एकूण वेळ साधारण २० तास, वाळवण्याचे दिवस सोडून. त्यातले जवळजवळ सात तास तुटलेल्या फळीवर आणि भोक पडलेल्या चमच्यावर गेले. पाच तुकड्यांपैकी दोन पूर्ण झाले, दोन आंब्याच्या तड्यांनी आणि एक भोकाने गेला. एक चमचा अजून बाकी आहे. त्यासाठी पेरूची नवी फांदी आणली, सालीवरच्या भेगा सरळ आहेत, टोकांना मेण लावून ती पिशवीत ठेवली आहे.